दाताची नोंद

मुलांशी खेळायचं म्हटलं
तर आधी माझीच चौकशी झाली.
मागच्या पाच वर्षांचे पत्ते लिहा. एकच होता.
चार ओळी कोऱ्या राहिल्या.
नाव बदललंय का? नाही. गुन्हे? नाहीत.
ग्रिम्सबीच्या मासळी कारखान्यात एकतीस वर्षं
गोठवलेल्या हॅडॉकची तापमानं लिहिणाऱ्या माणसाला
आठ आठवड्यांनी पत्र आलं :
हा गृहस्थ पोरांजवळ उभा राहिला तर हरकत नाही.

आमच्या भोरला कोणीही काका
कोणाचंही पोर कान धरून घरी पोचवायचा.
हे मी प्रशिक्षणात बोललो नाही.

सुट्टीचे सहा आठवडे, सोमवार ते गुरुवार, दहा ते दोन.
मेथडिस्ट हॉल, वर पत्रा.
कपाटात पंधरा कात्र्या,
मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या, कुलूप.
स्वयंपाकघरात डोरीन.
ती म्हणाली, जेवण बाराला लिहिलंय, पण पास्ता साडेअकराला काढायचा.
काहीजण कालच्या जेवणावर आलेले असतात.
कोण ते विचारायचं नाही.
मी विचारत नाही.
ताटं कोण चाटून पुसतं ते दिसतंच.

मी पतंग शिकवतो.
कामट्या कुठून आणणार, स्ट्रॉ लावतो.
पण इथला वारा समुद्राचा,
पतंग उडत नाहीत, पळून जातात.
पहिला गेला तेव्हा ऑस्कर रडणार होता,
मग हात डोळ्यांवर धरून म्हणाला, नॉर्वे.
तेव्हापासून आम्ही रोज एक पतंग नॉर्वेला पाठवतो.

तिसऱ्या मंगळवारी कात्र्या आत गेल्यावर
टीगनला दोरा तोडायचा होता.
तिनं दातानं तोडला.
दोरा राहिला, दात आला.

हातमोजे, टिश्यू, थंड पाणी, सगळं पुस्तकाप्रमाणे.
मग मी म्हटलं, उशीखाली ठेव, परी पैसे ठेवून जाईल.
टीगन म्हणाली, आमच्याकडे नाही येत ती,
आम्ही सारखी घरं बदलतो.
बस या रस्त्यानं जात नाही
असं सांगावं, तसं.

खिशात माझ्या एक पौंड होता.
मुलांना पैसे द्यायचे नाहीत, पान चार.

म्हणून मी तिला आमचा उंदीर सांगितला :
आमच्या गावी परी नाही,
छपरावर उंदीर असतो, तो जुना घेतो, नवा देतो,
पैशांचं काही बोलत नाही.
पत्ता? पत्ता लागत नाही त्याला. छप्पर लागतं.

एकोणीस पोरं बाहेर आली. डोरीनही, हाताला पीठ.
टीगननं डोळे मिटले आणि फेकला.
टण्.
एवढ्याशा दाताचा केवढा आवाज.
मग पत्र्यावर सीगल उतरला.
खाल्ला त्यानं, ती ओरडली.
खाऊ दे, मी म्हटलं, आता त्याला दात येतील.
ती हसली, आणि त्या खिडकीतून
मला आतली जीभ दिसली.

दुसऱ्या दिवशी तिघेजण
जेवता जेवता दात हलवत बसले होते.
ऑस्करनं काड्यापेटीतून एक आणला,
तो त्याच्या भावाचा निघाला.

अपघात-वहीत मी लिहिलं :
वेळ ११.१०. इजा : दुधाचा दात, आपोआप.
केलेली कार्यवाही : छपरावर टाकला.
काउन्सिलच्या बाईंचा फोन आला, जरा समजावून सांगाल का?
एकतीस वर्षं मी उणे अठरा, उणे अठरा लिहीत आलो,
माझ्या नोंदीवर कोणी प्रश्न विचारला
तो हा पहिला.
मी खूप वेळ बोललो. बाई मध्येच म्हणाल्या,
आमच्या आजीकडे चुलीत टाकायचे.

शेवटच्या आठवड्यात टीगन आली नाही.
डोरीन म्हणाली, स्कन्थॉर्प बहुतेक, किंवा त्याच्याही पुढे.
तिचा पतंग राहिला, निळा, शेपूट लावायची होती.
गुरुवारी तो आम्ही सोडला.
तो नॉर्वेला गेला नाही.
वारा फिरला होता, तो आत गेला,
घरांवरून, जमिनीकडे.

पुढच्या उन्हाळ्याचा फॉर्म आलाय.
मागच्या पाच वर्षांचे पत्ते.
लिहिला माझा एक.
खालच्या चार ओळींकडे बघत बसलो.
तिला त्या पुरल्या नसत्या.